काका आले की बिघडणारा कॉम्प्युटर

“भाऊजी येऊन गेले की हा बिघडतो,” सासूबाई म्हणाल्या. “आता काय समजायचं ते तूच समज.”

हा म्हणजे सासऱ्यांच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर. पिवळट पडलेला डबा, सुरू होताना पंखा असा घरघरायचा की शेजारची खोलीसुद्धा जागी व्हावी. पण त्यात सासऱ्यांचा आवाज होता. ते प्रवचनं गाऊन सांगायचे. कथा सांगता सांगता मध्येच देवाच्या नावाची ओळ धरायचे, आणि समोरची माणसं चष्मे काढून डोळे पुसायची. त्यांना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. सगळी प्रवचनं याच एका डब्यात होती, दुसरीकडे कुठेही नाही. आणि आता त्यातली एकेक उघडेनाशी झाली होती.

काका म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. आयुष्यभर त्यांच्यामागे उभं राहून त्यांनी सूर धरला. सासरे गेल्यावर त्यांनी प्रवचनांची प्रत मागितली, तेव्हा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, साफ सांगितलं, “हा आवाज वाटायला नाही ठेवलेला. ऐकायचंय ना, मग इथे येऊन ऐका.” तेव्हापासून ते येत. दार लोटून बसत. रस्त्याचा आवाज येतो म्हणे.

मी छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावते, त्यामुळे घरात यंत्र रुसलं की समजूत काढायला मलाच बोलावतात. डब्याची बाजू उघडली, धूळ काढली, डिस्कची वायर बदलून पाहिली. फरक शून्य. डिस्कला कान लावला तर आतून टक, टक असा आवाज, कुणी बोटं मोडत बसल्यासारखा. म्हातारी झालीय बिचारी, असं मी म्हणणार होते. पण एक गोष्ट खटकली. कॉम्प्युटर नीट बंद न करता अचानक बंद पडल्याची तक्रार तो स्वतःच करत होता, एकदा नव्हे, बऱ्याचदा. मी त्या नोंदींच्या तारखा आईंना वाचून दाखवल्या.

“त्या दिवशी भाऊजी आले होते,” आई म्हणाल्या. पुढची तारीख. “त्याही दिवशी.” त्याच्या पुढची. “मी काय म्हणत होते?”

आता माझ्याही डोक्यात किडा वळवळायला लागला. मला प्रत मिळत नाही, तर कुणालाच मिळू नये, असं तर काकांच्या मनात नसेल? दार रस्त्यासाठीच लोटतात ना?

पुढच्या वेळी काका यायचे होते त्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकली आणि समोरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसले. काका आले, कॉम्प्युटर सुरू केला. अर्धवट लोटलेल्या दारातून मला त्याचा काळा पडदा दिसला, त्यावर पांढरी अक्षरं आणि हळूहळू चढणारा आकडा.

“आज पुन्हा तपासत बसलाय वाटतं,” काका स्वतःशीच पुटपुटले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

तेवढ्यात आई आल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चष्मा सारखा केला, पडद्यावर वाकल्या, बारा, तेरा असं मोजलं आणि टेबलामागे हात घालून भिंतीवरचं बटण फटकन बंद केलं.

पंखा कुंथत थांबला.

“आई! हे काय केलंत?”

“वाचवलं. तेरा टक्के नेले त्यांनी. मी आले नसते तर शंभर नेले असते.”

“दर वेळी असंच करता?”

“मग काय बघत बसू?”

“मला सांगितलं का नाहीत?”

“तू विचारलंस कुठे?”

मी त्यांना खुर्चीत बसवलं. सांगितलं, की अचानक बंद पडलेला कॉम्प्युटर सुरू होताना स्वतःची डिस्क तपासतो, जमेल तेवढी दुरुस्त करतो. तो आकडा चोरीचा नाही, तपासणीचा. तपासणी चालू असताना बटण बंद केलं की आणखी मोडतोड होते. मग पुढच्या वेळी पुन्हा तपासणी.

“मला इंग्रजी येत नाही गं,” त्या म्हणाल्या. “आकडे येतात.” मग त्यांनी भिंतीवरच्या बटणाकडे बघितलं. “म्हणजे मीच…”

मला हो म्हणवेना. पाण्याचा पेला हातात तसाच धरून काका दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी डिस्क बाहेर काढली आणि माझ्या लॅपटॉपला जोडली. आता दुरुस्ती नको, आधी निघेल तेवढं काढून घ्यायचं. जुनी प्रवचनं एकेक करून आली. शेवटच्या वर्षाची येईनात. तेव्हा सासऱ्यांचा आवाज बारीक झाला होता, दोन ओळींत दम लागायचा. आई ऐकायच्या ती नेमकी हीच. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. डिस्क नुसती टकटकत राहिली. आईंनी पदराचं टोक दातात धरलं.

“वहिनी,” काका म्हणाले, “एक सांगितलं तर रागावणार नाही ना?”

“रागावणार. सांगा.”

काकांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. “दादाची शेवटच्या वर्षाची. मी गुपचूप उतरवून घेतली. मागितली असती तर तुम्ही दिली नसतीत.”

“नसतीच दिली.”

मी तो जोडला. सासरे खाकरले, थोडं थांबले, आणि देवाचं नाव घेऊन ओळ धरली. मागून काकांचा सूर. आई डोळे मिटून ऐकत होत्या. यादी मात्र मध्येच संपली.

“अर्धीच आहेत,” मी म्हणाले.

आईंनी डोळे उघडले. “म्हणजे माझा संशय खोटा नव्हता.”

“नव्हता.”

“चोरलंतच.”

“चोरलं, वहिनी.”

“मग सगळं का नाही चोरलंत?”

“चोरत होतो की! त्या पहिल्या दिवशी उतरवताना आकडा चढत होता, मी जरा बाहेर गेलो, परत येतो तर सगळं बंद. मला वाटलं वीज गेली. नंतर दर वेळी तो तपासतच बसायचा आणि बंद पडायचा.”

आईंनी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. “जुनी आलीत ती पण घ्या उतरवून. आत्ता, माझ्यासमोर.” मग खुर्ची ओढून त्यांच्या अगदी शेजारी बसल्या आणि चष्मा पुसून आकड्यावर नजर रोखली. “आणि शंभर होईपर्यंत जागचं हलायचं नाही. तुम्हीही नाही, मीही नाही.”