काळ्या खडकाच्या अलीकडे

अल्फोन्सस उद्या मार्टिनिक बेटाकडे जाणाऱ्या मालवाहू बोटीवर कामाला निघणार होता, म्हणून फैसला आजच व्हायचा होता. दर रविवारी तो किनाऱ्यावर पहाऱ्याला थांबायचा, तेव्हाच त्याची बहीण थिओडोरा मोठा पतंग कमरेला बांधून, त्याच्या ओढीने फळीवर उभी राहून समुद्रात जायची. या बाजूला ना घर, ना दुकान, ना वाचवायला होडी. काळ्या खडकापलीकडे तर नुसतं पाणीच. तो नसताना तिने एकटीने यायचं की पतंग माळ्यावर टाकायचा, हे तो आजचं बघून सांगणार होता.

"निघतेस तिथेच परत ये," तो म्हणाला. "वाऱ्याने वाहवलीस, तर मग माझ्यापुढे तोंड पाडून उभी राहू नकोस."

"तू आधी पोट आत घे. पतंगाला आडवं येतंय."

त्याने पतंग उचलून दिला.

पहिल्या फेऱ्या छान झाल्या. मग फळी जड लागायला लागली. थिओडोरा टाचा रोवून वाऱ्यावर चढू पाहत होती, पण दर वळणाला खडकाकडेच सरकत होती. फळी उचलून पाहिली, तर खालच्या पात्यांत तांबड्या शेवाळाचा गुंता. झटकला, पुन्हा अडकला. खडक अजून लांब होता. आणखी एक वळण मारता आलं असतं. ते फसलं असतं, तर मात्र पुढे किनाऱ्याला लागायला जागा नव्हती.

ती किनाऱ्याकडे वळली. गुडघाभर पाण्यात पतंगाचा ताण सोडणारी कळ ओढली. पतंग वाळूत लोळला, तशी तिने त्याच्यावर पालथी पडून वाळू लोटली. पतंगाच्या फुगवलेल्या कडेतली हवा काढली, दोऱ्या गुंडाळल्या आणि बोचकं डोक्यावर घेऊन कुजक्या शेवाळातून चालत निघाली. एकटीने यायचं आता विसरायचं, हे तिने वाटेतच गृहीत धरलं होतं.

अल्फोन्सस खारा मासा भरलेली तळलेली भाकरी खात बसला होता.

"आलीस? मला वाटलं, बाजार करून येतेस."

"शेवाळ अडकलं."

"दिसलं मला. अजून एक वळण होतं की."

"होतं. नाही मारलं."

त्याने अर्धी भाकरी तिच्या हातात दिली.

"पाण्यावर तांबडा पट्टा दिसला, तर पतंगात हवासुद्धा भरू नकोस."

"आणि नसला, तर?"

"ते विचारायला मी इथे असणार आहे का? तुझं तूच ठरवायचं."

थिओडोराने पाण्याकडे बघत भाकरीचा घास घेतला.

"वाऱ्याकडे पाठ करून खा," तो म्हणाला. "भाकरीत वाळू जाते."