कागदावर न उमटलेला दिवा

मी एक जुना विमानखोका आहे, मित्रांनो. हसू नका. मला पंख आहेत, शेपटी आहे, पोटात बसायला खुर्ची आहे, पुढ्यात काटे फिरणाऱ्या तबकड्या आहेत. फक्त मी जमिनीपासून वीतभरही वर गेलेलो नाही. खऱ्या विमानात बसण्याआधी ज्याच्यात चुका करून घ्यायच्या, तो मी. माझ्यात कितीही चुकलं तरी कुणाचं नखसुद्धा मोडत नाही, म्हणून तर मला बनवलं. आणि तरी एका माणसाच्या मरणात माझा हात आहे. ते मला सांगायचं आहे. कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडे, लढाईच्या धामधुमीत झाला. अंग लाकडाचं आणि खाली चार भाते. पंपाने भात्यांतली हवा ओढली की मी कधी डावीकडे कलायचो, कधी नाक वर करायचो, कधी जागच्या जागी गरागरा फिरायचो. वरचं झाकण ओढलं की आत अंधार. बसलेल्याला बाहेरचं काही दिसायचं नाही, तबकड्या पाहूनच त्याने मला चालवायचं.

शेजारी शिक्षकाचं टेबल असे. टेबलावर काच, काचेवर कागद आणि कागदावर चालणारं तीन चाकांचं एक यंत्र. त्याला सगळे खेकडा म्हणत. मी जिकडे वळेन तिकडे तो वळे आणि मागे शाईची रेघ सोडत जाई. उड्डाण संपलं की अख्खी वाट कागदावर हजर! मला त्या खेकड्याचा फार अभिमान होता. आता नाव काढलं तरी नको वाटतं.

पुढे फौजेला मी नकोसा झालो, लिलावात निघालो आणि मालगाडीत पडून थेट मलकापूरला उतरलो. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. कपाशीवर विमानाने औषध फवारायचं असं इथल्या शेतकऱ्यांच्या मंडळाने ठरवलं होतं. त्यासाठी आपल्याच भागातले वैमानिक तयार करायचे होते. मला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या एका रिकाम्या गोदामात ठेवलं. मला पाहायला इतकी माणसं लोटली की दारावर एक माणूस बसवावा लागला. "बापा! हे उडत नाही अन् एवढं मोठं काऊन केलं?" असं एक म्हातारी म्हणाली, ते अजून आठवतं.

शिकवायला वामनराव आले. पुण्याकडचे, हवाई दलातून निवृत्त झालेले, पोट सुटलेले, उजवा गुडघा न वाकणारे. त्या गुडघ्यापायी ते कधी माझ्यात बसले नाहीत. त्यांचा सगळा जीव कागदावर. दर शनिवारी दुपारी ते विद्यार्थ्यांना गोळा करत आणि आठवड्याचे कागद मांडत. मग एक चिंचोका रेघेवर ठेवून बोटाने पुढे सरकवत नेत. "इथे वळलास. इथे डगमगलास. इथे सावरलास." ते उड्डाण सगळ्यांसमोर पुन्हा उडे. ज्याची रेघ सरळ, तो कागद भिंतीवर खिळ्याने ठोकायचा. भिंतीवर कागद लागणं म्हणजे मोठा मान होता.

भिंतीवर सगळ्यात जास्त कागद शेषरावाचे होते. शेषराव लोणार तालुक्यातल्या बीबीचा. कास्तकाराच्या घरचा, सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला, हसला की डोळे मिटणारा. नागपूरला छोट्या विमानावर उडायला शिकून आलेला. आत बसताना तो माझ्या अंगावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "चाल बे पाखरा." मला कुणी बे म्हटलेलं खपत नसे. त्याचं खपायचं.

फवारणीचं विमान नागपूरच्या विमानासारखं नव्हतं. त्याला पेट्रोलच्या दोन टाक्या होत्या. वीस मिनिटांनी तोटी डावीकडून उजवीकडे फिरवायची, नाहीतर डावी टाकी कोरडी पडून इंजिन बंद. माझ्यात अशी तोटी नव्हती. वामनरावांनी चित्र काढून दिलं आणि जिनिंगचा मिस्त्री कडूबा याने पितळेची तोटी बनवून माझ्या पोटात बसवली. हात सोन्याचा होता त्याचा. मन त्याहून चांगलं. त्याने आपल्या मनाने आणखी एक गोष्ट केली. गजराचं एक जुनं घड्याळ तोटीला जोडलं आणि वर एक लाल दिवा लावला. बावीस मिनिटं झाली आणि तोटी फिरवली नाही, की दिवा पेटायचा. फिरवली की विझायचा.

काम झाल्यावर कडूबा टेबलापाशी गेला. "साहेब, एक सांगतो. ह्या तोटीची तार खेकड्यापर्यंत गेली नाही. तो त्याच्या कंपनीच्या वस्तूचं चित्र काढते, माह्या वस्तूचं नाही. अन् कोणी इसरलं तर आठव राहावी म्हनून दिवा बी बसवला आहे."

"बरं बरं," वामनराव म्हणाले. ते कुणाच्या तरी रेघेवर पट्टी लावून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

तिथेच अभद्र शिरलं, मित्रांनो. मला तेव्हा कळलं नाही. नवीन दिवा मिळाला म्हणून मी खुशीतच होतो.

पहिले काही दिवस शेषराव मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचा आणि बरोबर विसाव्या मिनिटाला तोटी फिरवायचा. पण घड्याळाकडे पाहिलं की क्षणभर हात हलायचा, आणि शनिवारी चिंचोका त्या वाकड्या जागी थांबायचा. "इथे काय झोप लागली होती का?" असं वामनराव म्हणायचे, सगळे हसायचे. मग शेषरावाने घड्याळाकडे बघणं सोडलं. दिवा आहे की! दिवा लागला की न बघता डावा हात जायचा आणि तोटी फिरायची. रेघ सरळ. भिंतीवर आणखी एक कागद.

रोज बावीस मिनिटं झाली की मी दिवा लावायचो. रोज तो तोटी फिरवायचा. मी त्याला सांगत होतो की तू विसरलास, आणि तो ऐकत होता की आता फिरव. बाहेर खेकडा आपला सरळ चालायचा. मला ओरडावंसं वाटायचं. मी भात्यांतून सूं सूं करायचो, पण ते तर मी नेहमीच करायचो.

एकदा त्याची बायको झुंबरबाई आली. दोघं शेगावला दर्शनाला निघाले होते, वाट वाकडी करून इथे उतरले. तिने डोक्यावरचा पदर सावरत माझ्यात डोकं घातलं.

"हा लाल दिवा कायचा हो?"

"थो लागला का तोटी फिरवाची."

"अन् खऱ्या इमानात बी असते का?"

"असंनच ना!" शेषराव हसला. "हे त्याच्यावरूनच तं बनवलं."

तिने पुन्हा एकदा दिव्याकडे वळून पाहिलं. सगळ्या गोदामात तो प्रश्न तिनेच विचारला होता. वामनराव चार हातांवर कागदांना खिळे ठोकत होते.

पोळा झाला, कपाशीला बोंडं धरली, अळी पडली आणि फवारणीचं विमान आलं. पिवळं धमक. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? शेषरावाने त्यात दोन-तीन छोट्या चकरा मारल्या, दहा-दहा मिनिटांच्या. तोटी फिरवायची वेळच आली नाही, त्यामुळे दिव्याचीही नाही. सगळे म्हणाले, पोरगा तयार आहे. निघताना तो गोदामात आला, माझ्यावर थाप मारली. "येतो बे पाखरा." मी बंद होतो, पंप सुरू नव्हता. माझ्यातला दिवासुद्धा विझलेला होता.

त्या दिवशीचं मी पाहिलं नाही. लोक बोलले तेच मला माहीत. सकाळची वेळ, वारा पडलेला. विमान कपाशीवरून माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर येत-जात होतं, नांगराचे तास मारल्यासारखे सरळ पट्टे टाकत. बांधावर उभे राहून लोक वाहवा करत होते. पंचविसाव्या मिनिटाला आवाज एकदम थांबला. तेवढ्या उंचीवर विचार करायलाही वेळ नसतो. पुढे नाल्याचा बांध होता.

शेषराव दुसऱ्या दिवसापर्यंत जगला. दवाखान्यात एवढंच म्हणत होता, "दिवा लागलाच नाही. दिवा लागलाच नाही." वामनराव उशाशी होते. त्यांना वाटलं, तापात बरळतो आहे.

चौकशीला माणसं आली. वामनरावांनी भिंतीवरचे कागद उतरवले आणि एकेकावर चिंचोका फिरवून दाखवला. कुठेही चूक नव्हती. विमानच खराब असणार, असं ठरत आलं. मंडळाने दुसरं विमान मागवलं आणि त्यावर भगवंतरावाचं नाव लागलं. तो शेषरावाचा जोडीदार, माझ्याच पोटात शिकलेला. त्याचंही सगळं दिव्यावरच चालायचं. मी एकेक दिवस मोजत होतो.

शेषराव गेल्याच्या आठव्या दिवशी झुंबरबाई आली. सुतकात घराबाहेर पडली म्हणून बायका काय काय बोलल्या असतील. सोबत भाऊ होता. वामनरावांनी उठून शेषरावाचा सगळ्यात सुंदर कागद तिच्यापुढे धरला. "आठवण म्हणून घरी ठेवा. याच्याइतकी सरळ रेघ मी आयुष्यात पाहिली नाही."

"नोका देऊ मले," ती म्हणाली. "साहेब, ते दिवा दिवा करत गेले. तुमच्या खोक्यात लाल दिवा आहे. त्या इमानात होता का?"

"कसला लाल दिवा?"

कडूबा दारात उभा होता, तो खालीच बसला.

वामनराव माझ्याजवळ आले. तो न वाकणारा गुडघा दोन्ही हातांनी आत ढकलत, कण्हत, ते माझ्यात बसले. पहिल्यांदाच. झाकण ओढलं. पंप सुरू झाला. शेषराव उडायचा तीच वाट त्यांनी धरली. एक, दोन, दहा, वीस मिनिटं झाली. त्यांनी तोटीला हात लावला नाही. बावीस झाली आणि मी दिवा लावला. त्या लाल उजेडात त्यांचं तोंड मी पाहिलं. एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडत होता.

बाहेर आल्यावर त्यांनी खेकड्याखालचा कागद घेतला आणि शेषरावाच्या कागदावर ठेवून उजेडाकडे धरला. दोन्ही रेघा एक. तोटी फिरवलेली आणि न फिरवलेली, कागदाला फरकच नव्हता.

त्यांनी भगवंतरावाला बोलावलं. "तोटी केव्हा फिरवतोस?"

"दिवा लागला का फिरवतो ना साहेब."

"विमानात दिवा नाही रे."

भगवंतरावाने भिंतीला हात टेकला.

कडूबाने स्वतःच दिवा काढला. "म्या चांगल्यासाठी बसवला होता हो," एवढंच तो म्हणत राहिला. त्यानंतर वामनराव टेबलाशी बसले नाहीत. झाकण उघडं ठेवून, माझ्याशेजारी स्टूल घेऊन, भगवंतरावाच्या हातांकडे पाहत बसायचे. रेघ वाकडी आली तरी काही म्हणायचे नाहीत. भगवंतराव उडाला आणि परत आला. पुढे कितीदा तरी परत आला.

मग मंडळ मोडलं, विमानं गेली, माणसंही गेली. उंदरांनी माझे भाते कुरतडले. शेजारून मालगाडी गेली की माझे पंख थरथरतात, तेवढंच माझं उड्डाण. कधी शाळेतली मुलं येतात, आळीपाळीने आत बसतात आणि दिव्याच्या जागी राहिलेल्या भोकात बोट घालून विचारतात, इथे काय होतं? मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी आठवणीचा दिवा लावला, तर तो काढून घेतल्यावर काय, हे आधी विचारा. आणि कुणाचा कागद फार छान दिसला, तर त्याला शाबासकी द्या, पण एकदा आत डोकं घालून त्याचे हात काय करतात तेही बघा. झुंबरबाईने पाहिलं होतं तसं.

तिने न नेलेला कागद पुन्हा भिंतीवर लागला, तो अजून तिथेच आहे. मुलं जाता जाता त्याच्यापुढे थांबतात. "किती सरळ रेघ आहे!" म्हणतात. तेव्हा मला झाकण ओढून घ्यावंसं वाटतं.