पिंजऱ्यातला हात

आज तिने डावी बाही वर केलीच नाही. पिंजऱ्यातल्या डासांच्या माद्या उपाशी होत्या. माणसाचा वास लागताच जाळीला येऊन चिकटल्या होत्या आणि त्यांनी एकच गुणगुण लावली होती. ती समोरच्या स्टुलावर स्वस्थ बसून होती. टेबलावर एक कागद होता. त्यावर फक्त विभागप्रमुख सरांची सही व्हायची बाकी होती.

संशोधन संस्थेत मागून सगळे तिला डासबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊकही होतं. प्रयोगासाठी वाढवलेल्या या डासांना कसलाही रोग नव्हता. पण रक्त मिळाल्याशिवाय माद्या अंडी घालत नाहीत, आणि अंडी नाहीत तर पुढची पिढी नाही. तेव्हा आठवड्यातून दोनदा कुणीतरी कोपरापर्यंत हात पिंजऱ्यात घालून बसायचं, अशी इथली पद्धत. एका सहकाऱ्याचा हात टम्म सुजला, दुसऱ्याला पहिल्याच चाव्याला भोवळ आली. हिला मात्र थोडी खाज सोडली तर काही होत नसे. झालं, ते काम हिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. डावा हात आत आणि उजव्या हाताने लिहिणं, असं करत तिने डॉक्टरेटचा प्रबंध पुरा केला आणि नंतरचे लेखही. घरात कपड्यांना इस्त्री नवरा करायचा. डाव्या बाहीची इस्त्री दुपारपर्यंतही टिकत नाही, हे त्याचं ठरलेलं गाऱ्हाणं.

नोकरी मात्र वर्षावर्षाच्या करारावर. दर वर्षी सर वरच्यांकडे शब्द टाकत आणि मुदत वाढवून आणत. माणूस मनाने वाईट नव्हता. आपण हिच्यावर उपकार करतो आहोत असं त्यांना खरंच वाटायचं. दोनदा बाहेरून बोलावणं आलं, दोनदा सरांनी राहण्याची गळ घातली आणि दोन्ही वेळा तिने आलेल्या संधीवर पाणी सोडलं. बरोबरीचे लोक कुठल्या कुठे पोहोचले. आता तिसरं बोलावणं होतं, दूरच्या शहरातलं. कायमची जागा, स्वतःची प्रयोगशाळा, स्वतःचा विषय. सरांचं ना-हरकत पत्र संध्याकाळपर्यंत पोहोचलं नाही तर ती जागा दुसऱ्या उमेदवाराला जाणार होती. आणि पुढच्या वर्षी तिचं वय अशा जागांच्या अटीत बसणार नव्हतं.

सकाळी चहा घेताना नवरा म्हणाला होता, "अगं, माझं छपाईचं काम काय, कुठेही मिळेल. तू मात्र आज 'बघते' म्हणून परत येऊ नकोस." तिचं ते 'बघते' त्याला चांगलं ठाऊक होतं.

सर आले ते खुशीतच. "यंदाही मुदतवाढ करून घेतली बरं का तुमची, बाई."

"नको, सर. मी चाललेय. एवढी सही हवी."

सरांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग नेहमीचं सगळं झालं. तुम्ही घरच्यासारख्या, नव्या जागी कोण विचारतं, निदान हा प्रकल्प तरी मार्गी लागू द्या. एरवी इथेच ती विरघळायची. आज तिने स्टुलाची कड घट्ट धरून ठेवली.

सरांनी पिंजऱ्याकडे बोट केलं. "आणि ह्यांचं काय? आयुष्य घातलंय मी ह्यांच्यात, बाई. उपाशी मरतील."

"रक्त पाजायचं यंत्र मागवा म्हणून कितीदा म्हटलं, सर."

"तुम्ही होतात ना."

हे ते इतक्या सहज म्हणाले की तिला राग यायचाही राहून गेला. वाईट मात्र फार वाटलं. इतकी वर्षं या माणसाच्या लेखी ती आणि न आलेलं ते यंत्र यांत काही फरकच नव्हता.

ती उठली आणि तिने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. "यंत्राची मागणी मी करून ठेवलीय. ते येईपर्यंत कुणाला तरी बसावं लागेल. बसा, सर. डावी बाही वर करा."

सर हसले. ती हसली नाही. त्यांनी एकवार दाराकडे पाहिलं, मग मुकाट्याने बाहीचं बटण काढलं. पिंजऱ्याच्या तोंडाला लावलेल्या कापडातून हात आत गेला आणि माद्या त्याच्यावर तुटून पडल्या. सरांनी डोळे मिटून घेतले.

"हलू नका. हललात की उडतात आणि दुसरीकडे चावतात."

"तुम्ही हे इतकी वर्षं करताय?"

"हो."

त्यांनी डोळे उघडले आणि प्रथमच तिच्या डाव्या हाताकडे नीट पाहिलं. बाही खाली होती, दिसण्यासारखं काही नव्हतं. तिने कागद त्यांच्या उजव्या हाताशी सरकवला आणि टोपण काढून पेन पुढे केलं. त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी सही केली. अक्षर जरा हललं, पण सही पूर्ण होती.

"हात कधी काढायचा?" त्यांनी विचारलं.

"पोट भरलं की त्या आपणहून सोडतात, सर."

कागद पर्समध्ये ठेवून ती बाहेर पडली. जिन्यात आल्यावर तिचा उजवा हात सवयीने डाव्या बाहीकडे गेला, बाही खाली करून बटण लावायला. बाही खालीच होती. इस्त्रीची घडी सकाळी होती तशीच होती.