रिकामी गव्हाणी

घर सजवायचं म्हटलं की चिझुरुच्या अंगात यायचं. लग्नाआधी ओसाकाच्या एका मोठ्या दुकानात ती काचेच्या कपाटांतली मांडणी करायची. तिथे नाताळ म्हणजे झाड, माळा आणि केक. लग्न होऊन ती गोतो द्वीपसमूहातल्या या लहानशा बेटावर आली, तर इथे घरोघरी पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती, आणि नाताळ म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा सण. डिसेंबर लागताच तिने सासूबाईंना बजावलं, "आई, यंदा सगळं मी करणार. तुम्ही फक्त बघायचं."

छपराच्या कडेने दिव्यांच्या माळा नवरा, शुहेई, मासेमारीला जाण्याआधी टांगून गेला होता. जाळ्याला बांधायचे जुने हिरवे काचेचे गोळे पुसून तिने खिडकीत अडकवले. झाड प्लास्टिकचं, शुहेईच्याच वयाचं आणि एका अंगाने टक्कल पडलेलं. ती बाजू तिने भिंतीकडे फिरवली. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत खाली बसून शेवटी येशूजन्माचा गोठा मांडला. मारिया, योसेफ, गाय, गाढव. खोक्याच्या तळाशी कापसात गुंडाळलेलं बोटभर चिनी मातीचं बाळ होतं. गव्हाणीत पेंढा घालून तिने ते अलगद निजवलं आणि उशाशी परसातलं लाल कामेलियाचं फूल ठेवलं.

सासूबाई, हात्सुए, चर्च झाडून परत आल्या. दारातच थबकून म्हणाल्या, "किती छान केलंस गं." मग त्यांची नजर गोठ्यावर गेली. "हे बाळ कुणी ठेवलं?"

"मीच. का, वाकडं झालंय का?"

"आत्ताच ठेवलंस? अगं, चर्चमधली चोवीस तारखेची मिस्सा होईपर्यंत गव्हाणी रिकामी असते. बाळ कधी वेळेआधी..." त्या एकदम गप्प झाल्या. पण गप्प होण्याआधी त्यांनी चिझुरुच्या पोटाकडे पाहिलं होतं, आणि ते चिझुरुने पाहिलं.

याआधी दोनदा तिला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा काही हाती लागलं नव्हतं. सासूबाईंनी बाळ उचललं आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यानंतर ते बाळ कुणाच्या दृष्टीस पडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी भांडी विसळताना चिझुरुच्या कमरेतून कळ निघाली. थोड्या वेळाने दुसरी आली. ती ओट्याला घट्ट धरून उभी राहिली. आपण काही बोललो नाही तर हे थांबेल, असं तिला उगीचच वाटत होतं. तिसऱ्या कळेला मात्र तिच्या तोंडून "आई" एवढंच निघालं.

बाहेर वारा नुसता घोंघावत होता. मोठ्या बेटाकडची बोट सकाळपासून बंद, हेलिकॉप्टरही उडणार नव्हतं. दवाखान्यातले तरुण डॉक्टर धापा टाकत आले. त्यांनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं आणि घड्याळाकडे बघत बसून राहिले. ते मुद्दाम हवापाण्याच्या गप्पा मारताहेत, हे कळायला चिझुरु काही लहान नव्हती. आता बाळ आलं तर या बेटावर ते जगणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि तिलाही. सासूबाई पायाशी बसल्या होत्या. त्यांचा एक हात एप्रनच्या खिशात होता, ओठ हलत होते, पण तिच्याकडे त्या बघत नव्हत्या.

अंधार पडायच्या सुमाराला कळा ओसरल्या. "आता झोपून राहायचं," डॉक्टर म्हणाले. "खिडकी लावायलासुद्धा उठायचं नाही."

शेगडी एकाच खोलीत होती, नाताळचं झाड होतं त्या. तिथेच तिचं अंथरूण घातलं. डोळे उघडले की समोर तो गोठा आणि ती रिकामी गव्हाणी. पोटात बाळाने लाथ मारली की जिवात जीव यायचा, आणि जरा वेळ हालचाल नसली की ती श्वास रोखून वाट बघायची. सासूबाई रताळं घालून केलेली मोची, म्हणजे चिकट तांदळाची वडी, भाजून आणत, उशी सारखी करत, पण बोलणं अगदी कामापुरतं. आई आपल्यावर चिडल्या आहेत, असं चिझुरुच्या मनाने घेतलं. आपल्या हातून अपशकुन झाला आणि त्या तो विसरणार नाहीत.

नाताळच्या मिस्सेनंतर शेजारचे सेइकिची आजोबा केकचा डबा घेऊन डोकावले. गोठा बघून त्यांनी भुवया उंचावल्या. "हात्सुए, बाळ कुठंय? येशू जन्मला हे सगळ्या बेटाला कळलं, तुझ्याच घरी पत्ता नाही होय?"

"राहू दे."

"राहू दे काय? विसरलीस वाटतं. आण, मी ठेवतो."

"राहू दे म्हटलं ना. कधी ठेवायचं ते माझं मी बघेन. केक ठेवा आणि निघा."

चिझुरुने भिंतीकडे तोंड फिरवलं. आता तर शंकाच उरली नव्हती. तिला दिसत राहावं, तिने विसरू नये, म्हणूनच ती गव्हाणी रिकामी ठेवली होती.

नवं वर्ष आलं. लोकांनी दारात पाइनच्या फांद्या लावल्या, आणि यांच्या छपरावर नाताळच्या माळा लुकलुकतच राहिल्या. जानेवारीतल्या पौर्णिमेला शुहेईची बोट परतली. चांदण्यात मासळी बोटीवरच्या दिव्याला भुलत नाही, म्हणून बोटी तेवढ्यापुरत्या घरी येतात. त्याने आल्या आल्या माळा उतरवायला शिडी लावली.

"खाली उतर," सासूबाई म्हणाल्या.

"आई, बोटीवरची पोरं टिंगल करतात. म्हणतात, दीपस्तंभाची गरजच नाही, शुहेईचं घर दिसलं की बंदर आलं."

"मग चांगलंच आहे की. माळेला हात लावलास तर जेवायला वाढणार नाही."

त्या रात्री चिझुरुने त्याला हळूच विचारलं, "आईंनी ते बाळ फेकून दिलं असेल का?"

"कुठलं बाळ?" शुहेई म्हणाला. पुरुषांचं लक्ष कुठे असतं.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी तिला मोठ्या बेटावरच्या इस्पितळात जाऊन राहायला सांगितलं. धक्क्यावर गार वारं होतं. बोटीत चढायच्या आधी तिला राहवेना. जायचंच आहे, तर हे मनात ठेवून नको.

"आई, एक विचारू? रागावू नका. तुम्ही ते बाळ टाकून दिलंत ना? माझ्यामुळे?"

सासूबाईंनी कोटाखालच्या एप्रनच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. आत बाळ होतं. चोळून चोळून नाकाकपाळावरचा रंग पार उडाला होता. आणि ते गरम होतं.

"टाकीन कशी? झोपतानाही हातात असतं माझ्या."

"मग नाताळला ठेवलं का नाही?"

"तू ते ठेवलंस आणि तिसऱ्या दिवशी तुला कळा आल्या." त्या पाण्याकडे बघत बोलत होत्या. "ख्रिस्ती बाईने असलं काही मानू नये. फादरना कळलं असतं तर त्यांनी माझी चांगली हजेरी घेतली असती. पण मी भ्याले गं. वाटलं, हे खाली ठेवलं की तुझंही येईल. म्हटलं, तुझं वेळेवर येईपर्यंत नाताळ संपूच द्यायचा नाही."

"मला वाटलं, तुम्ही मला शिक्षा करताय."

"शिक्षा? मला तुझ्याकडे बघायचा धीर होत नव्हता. बघितलं की रडू यायचं."

बोटीचा भोंगा झाला. त्यांनी बाळ पुन्हा रुमालात बांधलं, खिशात घातलं आणि खिशावर हात दाबून धरला. बोट वळेपर्यंत तो हात तिथेच होता.

पुढच्या आठवड्यात चिझुरु बाळंत झाली. मूल बाहेर आलं आणि रडलंच नाही. तिला ती रिकामी गव्हाणी डोळ्यांसमोर दिसू लागली. नर्सने मुलीला पालथं घेऊन पाठ चोळली, पुन्हा चोळली, आणि मग ती अशी कडाडून रडली की दारातली दुसरी नर्स हसली.

चिझुरुने घरी फोन लावला. काही न सांगता तिने तो मुलीच्या तोंडाशी धरला.

"आई? ऐकताय ना?"

"थांब."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली, शेगडीच्या खोलीचं दार सरकलं. मग पावलं सावकाश परत आली.

"ठेवलं," सासूबाई म्हणाल्या, आणि इतके दिवस आवरून धरलेलं रडू त्यांना फुटलं.