आर्किटेक्टसाहेबांचा कोट

"काका, तुम्ही स्वतःच्या घरात कोट घालून का बसता?"

विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी तिच्याशी पैजच लावली होती. आर्किटेक्टसाहेबांचं हे काचेचं घर शाळेच्या वाटेवरच होतं. आतलं सगळं रस्त्यावरून दिसायचं. अख्खा हिवाळा हा गृहस्थ सोफ्यावर ओव्हरकोटात, आणि वर लोकांना असलीच घरं बांधून देणार! आज तिच्या बाबांची पाळी होती. नव्या घराच्या नकाशावर सही करायला ते पेनाचं टोपण काढतच होते.

"स्टाइल असते ती, बाळ," साहेब म्हणाले. तोंडातून वाफ निघाली.

"अगं, मोठ्यांशी असं बोलतात?" आई पुटपुटली. तिचे दोन्ही हात काखेत होते.

साहेबांनी नकाशा पुढे सरकवला. उत्तरेला सबंध काचेची भिंत, दुमजली उंच छत. वर हीटर, बटण दाबलं की काम झालं.

"गरम हवा वर जाते, सातवीत शिकवतात," लेक म्हणाली. "म्हणजे छतावरच्या कोळ्याची चंगळ आणि खाली आमची कुडकुड."

तिने खिशातला टिश्यू पेपर खिडकीच्या चौकटीपाशी धरला. खिडकी बंद होती, तरी तो फडफडत होता.

"साहेबांनी पन्नास घरं बांधलीत. तू किती बांधलीस?" बाबा तडकले. काचेच्या भिंतीचं त्यांनी ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

"एकही नाही. म्हणून माझं एकही गारठलेलं नाही."

आईला हसू आलं, ते तिने खोकल्यात लपवलं. मग नकाशावर वाकून तिने विचारलं, "आणि ऊन कुठे येतं हो?"

साहेबांनी घसा खाकरला. ऊन दक्षिणेच्या कोपऱ्यात येत होतं, अडगळीच्या खोलीत. दिवसभर. जुन्या ट्रंकांवर! आणि लेकीला मिळणार होती उत्तरेची 'राजकन्येची खोली', तीन बाजूंनी काच.

बाबांचं पेन हवेतच थांबलं. तिने एकदा त्या कोटाकडे पाहिलं, एकदा आईच्या लाल झालेल्या नाकाकडे.

"करा बाबा, खुशाल सही करा. पण माझं ठरलंय. राजकन्येची खोली ट्रंकांना द्या. अडगळीची मी घेतेय. भिंती जाड, खिडकीला दुहेरी काच, दाराला फट नको. आणि हिवाळ्यात तुम्हा दोघांना तिथे ऊब घ्यायला यायचं असेल ना, तर आधी दार वाजवायचं आणि कोट बाहेर काढून ठेवायचा!"