जसंच्या तसं

कुमारने मोबाइल टेबलावर ठेवला, आवाज वाढवला आणि शौकतला केबिनचं दार लावून घ्यायला सांगितलं.

मोबाइलमधून एक बाई बोलू लागली. शहराच्या कडेच्या सुलै भागातल्या एका गोदामाच्या आवारात गेल्या मंगळवारी दुपारी काय घडलं, ते ती शांतपणे मराठीत सांगत होती. शौकत भिंतीवरच्या एसीकडे बघत उभा राहिला.

"तुमची भाषा आहे ना ही?" कुमारने बातमी थांबवून विचारलं. "ऑफिसातून आलंय. यात काय आहे ते संध्याकाळपर्यंत त्यांना कळवायचंय. एक एक वाक्य सांग."

सुपरवायझर कुमार मदुराईकडचा. हिंदी कामापुरती, मराठीचा गंधही नाही. शौकत मंडणगडचा, नऊ वर्षं इथे आखातात फोर्कलिफ्ट चालवणारा. या बातमीतला शब्द न् शब्द त्याने लिहिला होता, आणि ते कुमारला ठाऊक नव्हतं. बत्हा बाजारातल्या एका खाणावळीच्या माडीवर दर शुक्रवारी क्षमा सिस्टर चौघांना बातमी करायला शिकवायच्या. त्या मूळच्या अलिबागच्या, इथे इस्पितळात नर्स. आपल्या माणसांवर काय गुजरतं ते आपणच सांगायचं, दुसरं कोणी सांगायला येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तीन मिनिटांची बातमी व्हॉट्सॲपवर जायची. नावं गाळायची आणि आवाज सिस्टरचा. माझा आवाज गोदामात कोण ओळखणार, असं त्या म्हणाल्या होत्या. शौकतची ही पहिलीच बातमी.

कुमारने पुन्हा सुरू केलं. शौकत हिंदीत सांगू लागला. उन्हाळ्यात बारा ते तीन उघड्यावर काम घ्यायचं नाही, असा नियम आहे. तरी कंटेनर रिकामा करायला माणसं लावली. पाण्याचं पिंप कोरडं होतं. एक माणूस कोसळला. तो धोंडीराम, हे दोघांनाही माहीत होतं. चार दिवस इस्पितळात काढून तो आता कामगारांच्या कॅम्पात खाटेवर पडून होता.

पुढचं वाक्य आलं आणि शौकत अडला. गाळलं असतं तर कुमारला आत्ता काही कळलं नसतं. सांगितलं आणि उद्या त्याने माग काढला, तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाच रद्द, खलास, मिळेल त्या विमानाने घरी. पण हेच वाक्य सिस्टरनी त्याच्याकडून चारदा लिहून घेतलं होतं. ऐकलं तेवढंच, कमी नाही, जास्त नाही.

"सुपरवायझर म्हणाले, हा नाटक करतोय."

कुमारने बोट ठेवून आवाज बंद केला. बाहेर मागे येणाऱ्या ट्रकचा भोंगा वाजत राहिला.

"मी तसं म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "मी त्याला म्हटलं, ऊठ, नाटक करू नको. मला वाटलं, उठेल."

शौकतने तो क्षण आठवून पाहिला. आपण वीस पावलांवर होतो. फोर्कलिफ्ट चालू होती. कानांवर नेमकं काय आलं होतं, ते आता त्याला छातीठोक सांगता येईना.

"मग पुढच्या वेळी तुमचं म्हणणं देऊ," तो म्हणाला. "जसंच्या तसं."

आपण 'देऊ' म्हणून बसलो, हे शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. कुमार त्याच्याकडे एकटक बघत होता. मग तो उठला, खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि परत येऊन बसला.

"बातमीत नाव येतं?"

"कुणाचंच येत नाही."

यात काही विशेष नाही, असं ऑफिसला कळवीन, एवढं कुमार पुटपुटला. त्याचं म्हणणं घ्यायला शौकतने खिशातून मोबाइल काढून रेकॉर्डर उघडला, पण बटण दाबायला त्याचा अंगठा धजेना. शेवटी कुमारनेच हात पुढे करून ते दाबलं.

"माणसं उन्हात काढायच्या आधी मी घड्याळ पाहिलं होतं," तो म्हणाला. "सव्वा वाजला होता."