तेरावा महिना

नलूआत्याचं नाव यादीत आहे की नाही, एवढंच बघायचं होतं. सातपाटीतल्या मासे वाळवायच्या जागांची यादी लागणार होती. ज्याचं नाव गळलं त्यानं सात दिवसांत हरकत नोंदवायची, नाहीतर जागा गेली. आत्या तिथं चाळीस वर्षं बोंबील वाळवते.

पालघरच्या ऑफिसातला बाबू म्हणाला, "ऑनलाइन बघा."

"साइट उघडत नाही, साहेब."

"आमच्याकडे उघडते."

मोबाईलवर ती नुसती गरगर फिरते. सूचनांचा मजकूर तेवढा माझ्या जुन्या लॅपटॉपवर येतो. काळा पडदा, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं, असा बातम्या वाचायचा फुकटातला प्रोग्राम मी उतरवला आणि त्यात माझी भर घातली. प्रत्येक सूचनेपुढं तारखेऐवजी तिथी. कुणी शिकवलं नाही मला. आमच्या बायका तारीख विचारत नाहीत, "कंच्या तिथीला?" विचारतात. वर्षभर अख्खी आळी माझ्याकडून सूचना ऐकत होती.

सोमवारी प्रोग्राम पडला. उघडला की सूचना दिसायच्या आत बंद. पुन्हा उघडला, पुन्हा बंद.

"थकला असंल," आत्या म्हणाली. "मीच थकलेय. काल अधिक लागला, आता जावयाला अनारशांचं वाण द्यायचं. मला कुठं वेळ हाय?"

"आत्या, गप बस जरा."

मंगळवारी साठवलेल्या जुन्या सूचना पुसल्या. पडला. बुधवारी ऑफिसच्या अक्षरांना शिव्या घातल्या, फाँट बदलले. पडला. गुरुवारी लॅपटॉप बोईसरला केतनच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. शाळेत माझ्या वर्गात होता तो. साइट त्याच्याकडंही गरगरच फिरली. त्यानं रॅम बदलून बघितली. पडला.

"उन्नती, तू घातलेलं सगळं काढ. साधा चालव."

"म्हणजे चूक माझी?"

"तसं नाय बोललो. काढून तर बघ."

"कॉलेजात गेलास म्हणून मला अक्कल शिकवू नको."

"बरं बाई. लॅपटॉप तुझा, जागा तुझ्या आत्याची."

मी लॅपटॉप उचलला आणि निघाले. पुढचे चार दिवस दुसऱ्यांच्या चुका शोधत बसले. आत्या रोज एकदाच विचारायची, "माजं नाव हाय का गो?" मी म्हणायची, बघते.

पुढच्या मंगळवारी हरले. माझी भर काढली. प्रोग्राम पटकन उघडला.

पहिलीच सूचना, गेल्या सोमवारची. यादी. आत्याचं नाव नव्हतं. खाली लिहिलेलं: हरकती सोमवार सायंकाळी पाचपर्यंत. म्हणजे काल.

तिथीसाठी मी चैत्र ते फाल्गुन बारा नावं लिहून ठेवली होती. अधिक ज्येष्ठ लिहिलाच नव्हता. ही सूचना त्या महिन्यातली. महिन्याचं नाव सापडेना म्हणून प्रोग्राम कोसळायचा. आत्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अधिक लागला म्हणून.

बाबूला फोन केला.

"सात दिवस ऑनलाइन होतं, मॅडम." फोन ठेवला त्यानं. एक कागद गावात भिंतीवर चिकटवायचा तर यांचे हात झिजतात.

आत्या बांबूवरचे बोंबील पलटत होती. लॅपटॉप घेऊन तिथंच गेले आणि सगळं सांगितलं. ती थांबली नाही.

"आज कंची तिथी?"

पडद्यावर आता नुसती तारीख होती.

"नाय दिसत," मी म्हणाले.

"दशमी," तीच म्हणाली. "उद्या एकादशी. मग कुठं घालायचे गो, बोंबील?"